विहिरीतल्या माशांसाठी हौद

धाकटा भाऊ आमच्या मळ्यातल्या विहिरीत बुडाला, त्याला वर्ष होत आलं होतं. माय रोज दुपारी भाकरीचा तुकडा घेऊन तिथं जायची. पितरांचा घास काठावर ठेवतात, तसा ती ठेवत नसे, पाण्यात टाकायची. मासे वर येऊन खायचे आणि ती बराच वेळ वाकून बघत राहायची. एक दिवस ही त्याच्यामागं जाईल, अशी धास्ती बाबांना होती, मलाही होती. बोलत कुणीच नव्हतं.

मी नुकताच बी.एस्सी. होऊन बुलढाण्याच्या शाळेत लागलो होतो. भाजीच्या टोपल्या डोक्यावर वाहून या दोघांनी मला शिकवलं. त्या शिक्षणाचा घराला काही उपयोग व्हावा, असं फार वाटे. अमरावतीच्या कॉलेजात माशांची काचपेटी पाहिली होती. मासेच गावात, देऊळघाटला, घरी आणले तर माय विहिरीवर कशाला जाईल?

पेटी मोठी हवी. पाण्याची उंची वाढली की काच जाड लागते, आणि तशी काच अकोल्याहून आणावी लागे. चारही बाजू काचेच्या करणं माझ्या पगाराला झेपणार नव्हतं. शेवटी हौद ठरला: तळाला शहाबादी फरशी, तीन भिंती विटा-सिमेंटच्या, चुलीकडची बाजू तेवढी काचेची. पाणी झिरपू नये म्हणून काचेच्या फटीत खडूची पूड जवसाच्या तेलात मळून भरली.

"माणसायचं छप्पर गळून राह्यलं, अन् मासोळ्यायले फरशी," बाबा म्हणाले. पण विटा त्यांनीच वाहिल्या.

मासे विकत घ्यायचे नव्हतेच. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली तेव्हा एका भोयाकडून जाळं फिरवलं. "साफ झाली गुरुजी, एक ठेवला नाही," तो म्हणाला.

घरी मायनं भाकरी मोडायच्या आधीच मासे काचेला येऊन भिडायचे. हलायचे नाहीत, नुसते कल्ले उघडायचे, मिटायचे. सवय आहे, असं मी बाबांना समजावलं. मग मीच काचेकडे पाठ करून जेवायला बसू लागलो.

एका रविवारी मायनं एकेक मासा निरखला. "सारे आले. तो नाही आला," म्हणाली, आणि तुकडा पदरात बांधून निघाली.

मी मागोमाग गेलो. विहिरीवर वारा नव्हता. पाणी खाली, काळं. तिनं टाकलेला तुकडा थोडा तरंगला, आणि खालून कुणी हळूच धरावा तसा सरळ आत गेला. बुडबुडाही आला नाही.

"एखादा सुटला असन जाळ्यातून," मी म्हणालो. आवाज माझा वाटला नाही.

"हाव. राह्यला न एक."

मी तिचा दंड घट्ट धरला होता. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं आणि हसली.

"तुह्या बाबाले अन् तुले वाटते मी उडी घेईन. म्हनूनच बांधला न हौद?"

मी तिचा दंड सोडला.

"काऊन घेईन रे? मंग याले उद्या कोन चारीन?"

पदर झटकून ती वाटेला लागली. घरच्या माशांना त्या दिवसापासून बाबा चारू लागले. मायला आम्ही पुन्हा अडवलं नाही. ती रोज दुपारी जायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं असायचं, म्हणून परत यायची.