बोटभर टॅब आणि त्याचं पेन

नवा टॅब बाजारात आला की ला पास शहरातली शहाणी माणसं तो घेण्याआधी दोन्या, म्हणजे बाई, अर्मिंदा काल्यिसायाला विचारत. तिच्या स्वतःच्या घरात टॅब नव्हता. पुठ्ठा, पत्रा आणि सरस यांतून ती बोटभर टॅब, फोन, पासपोर्ट आणि पदव्या बनवी. आलासिताच्या जत्रेत, चोवीस जानेवारीला, दुपारी बाराच्या ठोक्याला जी चिमुकली वस्तू विकत घेऊन तिला धूप दाखवावा, ती वर्षाच्या आत खरी होऊन घरी येते. यावर ला पासमध्ये कुणी वाद घालत बसत नाही.

अर्मिंदाचं म्हणणं एवढंच, की हातात भंगार घेतलंत तर घरी भंगारच येणार. म्हणून प्रत्येक नवी वस्तू ती दुकानात जाऊन, पट्टी लावून, स्वतः तपासायची. तिला येताना पाहिलं की विक्रेते गोदामात शिरत.

त्या डिसेंबरात नवा टॅब विकणारी एक नवखी मुलगी तिच्या तावडीत सापडली.

"याचं पेन कुठंय?"

"पेन वेगळं घ्यावं लागतं, दोन्या."

"कव्हर?"

"तेही वेगळं."

"चार्जर?"

मुलीनं किमतीच्या यादीवर बोट ठेवलं.

"मग खोक्यात देता काय? वास?"

तिचं तोंड बंद करायला मुलीनं दुकानातलं पेन तिच्या हातात दिलं. अर्मिंदानं सवयीनं टॅबवर विद्यापीठाचा शिक्का काढला, पदव्यांवर काढायची तसा. "आता दोन बोटं फाकवा," मुलगी म्हणाली. शिक्का ताटाएवढा झाला. नंतर हवा तेवढा बारीक छापता येतो म्हणे.

अर्मिंदा तासभर तिथून हलली नाही. शिक्क्यातली अक्षरं तिला दोन वर्षांपासून दिसत नव्हती. ती अंदाजानं काढायची आणि कुणाला, अगदी स्वतःच्या मुलीला, नॉर्कालाही, सांगायची नाही. डोळे असेच गेले तर आणखी एखादी जत्रा, मग अडतीस वर्षांचा धंदा गुंडाळायचा.

घरी नॉर्कानं विचारलं, "काय मग, घेण्यासारखा आहे का?"

"नुसत्या मालिका बघायच्या तर मुळीच नको, गेल्या वर्षीचा पुरे. ज्याला रेघ ओढायचीय, त्यानं पोटाला चिमटा काढून घ्यावा."

"पण कोण ओढतंय रेघ?"

अर्मिंदा सरस ढवळत राहिली.

तिला तो हवा होता, स्वतःसाठी. पण बनवणाऱ्याला स्वतःच्या हातची वस्तू लागू पडत नाही, ती दुसऱ्याच्या हातूनच यावी लागते. आणि हा नवा टॅब तिच्याखेरीज जत्रेत एकीनंच केला होता. समोरच्या टपरीवाल्या बेनिग्नानं. बेनिग्ना तिची थोरली नणंद. कुठल्याशा लग्नात वाढलेल्या कच्च्या बटाट्यांवरून दोघींचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं.

जत्रेच्या दिवशी बाराला सात मिनिटं असताना अर्मिंदा टपरी नॉर्कावर सोपवून समोर गेली.

"अगं बाई! वाट चुकलीस की काय?" बेनिग्ना म्हणाली.

"एक टॅब दे, वन्सं."

"तुझ्याकडे ढीग पडलाय की."

"स्वतःचा चालत नाही, ठाऊक आहे तुला." अर्मिंदानं टॅब उलटासुलटा केला. "याला पेन नाही."

"खऱ्याबरोबर तरी कुठं मिळतं? आणि मालिका बघायला तुला पेन कशाला गं?"

"मालिका नाही. काम करायचंय."

"कसलं काम?"

गर्दी रेटत होती. पाच मिनिटं राहिली होती. अर्मिंदानं एकदाचं सांगून टाकलं, "शिक्क्याची अक्षरं दिसत नाहीत मला. यावर मोठी करून काढता येतात. झालं समाधान?"

बेनिग्ना हसली नाही. "दोन वर्षं झाली ना? तुझ्या पदव्यांवर नुसती गांडुळं असतात, एका गिऱ्हाइकानं सांगितलं. मी गिऱ्हाइकांना दाखवते."

"दाखवतेस?"

"मग! धंदा आहे." तिनं काडेपेटीतली काडी घेतली, गूल मोडलं आणि पेन करायला चाकूनं तासू लागली. चाकू काडीच्या बाजूनं हवेतच फिरला. दुसऱ्यांदा तो बोटाला लागला.

"वन्सं! तुलाही दिसत नाही!"

"हळू बोल, मेले! गिऱ्हाइकं ऐकतायत."

"किती दिवस?"

"चार वर्षं."

"आण इकडे ते." अर्मिंदानं काडी चाचपत तासली, सरस लावला आणि टॅबच्या कडेला चिकटवली.

बेनिग्नानं ती बोटानं तपासली. "दोघींत मिळून एकच मागू. राहील माझ्या घरी. मी थोरली."

"राहू दे. पेन माझ्याकडे."

"पेनाशिवाय काय करू त्याचं?"

"मालिका बघ."

देवळाची घंटा वाजायला लागली. बेनिग्नानं अर्मिंदाचं एक नाणं घेतलं, आपलंही एक गल्ल्यात टाकलं आणि दोघी तो टॅब चार हातांत धरून निखाऱ्यांपाशी बसलेल्या यातिरीकडे, तिथल्या पुजाऱ्याकडे, धावल्या. म्हाताऱ्यानं धूप टाकला, वर थोडी दारू शिंपडली आणि विचारलं, "कुणाच्या नावानं?"

दोघींनी एकदम आपापलं नाव सांगितलं.

"एकच सांगा!" यातिरी खेकसला. मागे रांग खोळंबली होती.

दोघींनी पुन्हा एकदमच सांगितलं. या खेपेला एकमेकींचं.