कादंबरीतल्या शिपायाचा नारळ

घडातला खराब मणी कात्रीनं उडवायचा, कात्री तशीच हवेत धरायची आणि म्हणायचं, "आन् मंग तोफा धडाडल्या!" आमच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमधल्या मुकादम बाई अशीच गोष्ट सुरू करायच्या. टेबलाभोवती सगळ्यांच्या कात्र्या थांबायच्या. "हात चालू द्या गं. युद्ध तिकडं हाय!"

मी हिंगोलीकडची. सातवीत शाळा सुटली, लग्न होऊन नाशकात आले. भाऊ फौजेत. त्याचा फोन लागला नाही की मला घास उतरायचा नाही. बाई माझा न उघडलेला डबा बघायच्या.

त्यांची कादंबरी एकच, मुखपृष्ठ कधीच गळालेलं. दुसऱ्या महायुद्धात परमुलखात लढायला गेलेला खेड्यातला शिपाई आणि इकडे त्याची वाट पाहणारी बहीण. बाई ती सांगायच्या अशी, की एकदा आमच्या टेबलावरची सुमनमावशी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बाई, तुमच्या भाच्यासाठी मी गडावरच्या देवीला नारळ कबूल केलाय."

तिला तो बाईंचा खराच भाचा वाटला होता! आम्ही हसून बेजार. बाई मात्र हसल्या नाहीत. "ऱ्हाऊ दे. लागंल त्याला."

शिपाई रात्री नदी ओलांडायला उतरला आणि तिथंच बाईंनी गोष्ट थांबवली. पुस्तक माझ्या पिशवीत कोंबलं. "पुढचं तू वाच."

"जोडाक्षरं अडतात, बाई." खरं कारण वेगळंच होतं. तो मेला तर?

"पान उलटलं नाय, तर तो गार पाण्यातच उभा ऱ्हाईल ना, पोरी."

मग जेवणाच्या सुट्टीत ओळीखाली बोट धरून वाचू लागले. बाई जाता-येता विचारायच्या, "निघाला का पाण्यातून?"

"अजून नाय."

"लवकर गं. गारठंल लेकरू."

शेवटचं पान संपलं त्या दिवशी खूप रडले. भावाला फोन लावला, लागला नाही. तरी डबा उघडला आणि जेवले. लांबून पाहणाऱ्या बाईंनी नुसती कात्री वर केली.

यंदा बाई नाहीत. दिवाळीआधी गेल्या. त्यांच्या जागेवर कुणी लगेच बसत नाही.

तो शिपाई परत येतो का, ते तुम्हीच वाचा. माझ्या तोंडून निघायचं नाही. सुमनमावशी रोज छळते, "अगं, तो नारळ फेडायचा का नाय? देवीचं काम हाय."

परवा मी पुस्तक तिच्या पुढ्यात ठेवलं. "तो पाण्यात उभाय, मावशी."

मावशीनं हात पुसले आणि पिशवीत चष्मा शोधू लागली.