बाजाराच्या मैदानासाठी मी दिलेली साक्ष

काय सांगायचं आता! दुसऱ्याची फजिती लोक चार दिवस चघळतात आणि सोडून देतात. माझी फजिती कोर्टाच्या दप्तरात आहे. शपथेवर सांगितलेली, टाइप केलेली, खाली माझी सही!

मी अर्जनवीस. तहसील कचेरीसमोर कडुनिंबाखाली टेबल टाकून एकवीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितो. माणूस दोन वाक्यं सांगतो, मी दोन पानं करतो. साधं लिहिलं तर साहेब वाचतात का? नाही वाचत. हा माझा त्या वेळचा समज.

आमचं गाव वणीच्या रस्त्यावर. कोळशाचे ट्रक दिवसभर शाळेच्या फाटकासमोरून जातात. पोरं तोंडाला रुमाल बांधून रस्ता ओलांडतात. एक दिवस ट्रकनं सातवीतल्या एका मुलीची सायकल चेपली. मुलगी उडी मारून वाचली. सायकलीची पापडी झाली.

गावातल्या बायांनी ठरवलं, बाजाराच्या मैदानात दोन तास बसायचं. मुकाट्यानं. हातात फलक, ‘शाळेच्या वेळात ट्रक बंद करा.’ एवढीच मागणी. सगळ्यांत पुढं कोण? आमची सुनंदा. माझी बायको.

अर्धा तास झाला नसेल, सरपंच आले. सोबत पंचायतीचा शिपाई. बायांच्या हातातले फलक ओढून घेतले आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत फेकले.

“उठा! ठराव हाय पंचायतीचा. मैदानावर सभा, घोषणा, फलक, समदं बंद. कायमचं!”

सुनंदा घरी आली ती तणतणत.

“मी चोरी केली का जी कोणाची? माझ्याच गावात मले बसाले मनाई? अन् त्या ट्रकले कोणी मनाई नाही करून राह्यलं!”

माझं डोकं असं तापलं म्हणता! अहो, घरात बसून बाईनं ओरडायचं नाही, मैदानात बसून गप्पही राहायचं नाही, मग तिनं जायचं कुठं? ग्रामपंचायत म्हणजे काय सरपंचाच्या सासऱ्याचं शेत आहे?

दुसऱ्याच दिवशी वणी गाठली. तिथं वर्षाताई म्हणून तरुण वकील आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“काका, शांतपणे एकत्र जमायचा हक्क लोकांना घटनेनं दिला आहे. पंचायत फार तर वेळ ठरवून देईल, आवाजावर बंधन घालेल. कायमची बंदी कशी घालेल? आपण दावा टाकू.”

“टाका! वादी नंबर एक मी, नंबर दोन सुनंदा!”

ठरावाची नक्कल मिळाली. मी ती मोठ्यानं वाचली. ‘बाजार मैदानावर सभा, घोषणाबाजी, फलकबाजी, जमाव व तत्सम लोकशांततेस बाधक असे सर्व प्रकार कायमस्वरूपी बंद करण्यात येत आहेत.’

“फलकबाजी!” मी ओरडलो. “हा काय शब्द हाय? कबूतरबाजीचा भाऊ का? कोण्या येड्यानं लिवलं हे?”

वर्षाताईंनी ठरावावर बोट ठेवलं. “काका, इथं लिहिलंय, ‘प्राप्त अर्जास अनुसरून’. कोणाचा अर्ज असेल? नक्कल मागवू का?”

आता इथं थांबा. पूर्ण किश्श्यात माझ्या सुटकेची जागा असेल तर ती हीच. मी काय म्हणालो?

“असंल सरपंचाच्या कोण्या चमच्याचा! त्याच्यात कायले वेळ घालवता? दावा टाका ताई, दावा!”

पंचायतीला नोटीस गेली. मुदत सरली. दावा लागला. मग तारखा. इकडं ट्रक सुरूच, पोरांच्या तोंडाला रुमाल सुरूच. आणि सरपंच चावडीवर सांगत फिरत होते, “अर्जनवीस मले कायदा शिकवून राह्यला!” माझा राग तारखेगणिक वाढत गेला. एकदाचा माझ्या उलटतपासणीचा दिवस आला. दोन ऑटो भरून बाया कोर्टात आल्या. सुनंदानं नवी साडी नेसली होती. मी पांढरा शर्ट कडक इस्त्री करून घेतला होता. आज पंचायतीला सोडायचंच नाही!

मी पिंजऱ्यात उभा राहिलो. शपथ घेतली. पंचायतीचे वकील म्हातारे, मऊ बोलणारे. माणूस मऊ बोलायला लागला की सावध व्हावं, एवढी अक्कल मला एकवीस वर्षांत आली नव्हती.

“तुम्ही अर्जनवीस. म्हणजे सरकारी भाषेतले जाणकार?”

“हो जी!” माझी छाती फुगली.

“हा ठराव वाचलात. भाषा कशी वाटली?”

“बेकार! एकदम बेकार! नुसते शब्दाचे फुगे. लोकाइचं तोंड दाबाले कोणीतरी मुद्दाम घातलेले.”

“पंचायतीनं तर अर्जातली वाक्यं जशीच्या तशी घेतली आहेत. मग दोष अर्ज लिहिणाऱ्याचा म्हणायचा?”

“त्याचाच! साहेब, असं लिवणाऱ्याच्या हातातून पेन काढून घेतला पाह्यजे!”

मागं बाया खूश. सुनंदानं पदर सावरून आजूबाजूला पाहिलं, हा माझा नवरा बरं का!

वकिलांनी एक कागद पुढं केला. “हा तो मूळ अर्ज. अक्षर ओळखता?”

मी चष्मा लावला. डावीकडं दोन बोटं समास. ‘मा.’ला खास वळण. ‘तत्सम’खाली ओढलेली रेघ. आणि अगदी तळाला, निळ्या शाईत, गोल शिक्का. माझ्या नावाचा. अर्जनवीस!

अहो, मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. शिक्का तिथंच!

“अक्षर कोणाचं आहे?”

“...माझं.”

न्यायाधीश बाईंनी मान वर केली. आवाज अगदी शांत.

“मग पेन तुमच्याच हातातून काढून घ्यायचा का?”

सगळं कोर्ट हसलं. शिरस्तेदार हसले. आमच्या बाया हसल्या. हसली नाही ती एकटी सुनंदा. तिनं मला ज्या नजरेनं पाहिलं, तिची नक्कल कोणत्याही कोर्टात मिळणार नाही.

मग मला सगळं आठवलं. तीन वर्षांपूर्वी मैदानासमोर राहणारे बाबाराव माझ्या टेबलाशी आले होते. त्यांची आई आजारी. मैदानात कबड्डीचे सामने, आणि भोंगा थेट त्यांच्या खिडकीकडं. “भोंग्याचं तोंड तेवढं फिरवाले सांगा,” एवढंच बाबाराव म्हणाले होते. एवढंच! बाकी सभा, घोषणा, फलक, जमाव सगळी माझी देणगी!

मी मान खाली घालून उभा. म्हटलं, गेला दावा. बायांचं मैदान मीच घालवलं. लाज वाटली हो. खरंच वाटली.

तेवढ्यात वर्षाताई उठल्या. त्यांनी फेरतपासणीची परवानगी मागितली.

“हा अर्ज लिहून घेणाऱ्यानं सभा बंद करा असं सांगितलं होतं का?”

“नाही ताई. फक्त भोंगा म्हटला होता त्यानं.”

“फलक?”

“नाही.”

“लोकांनी शांतपणे एकत्र बसू नये, असं?”

“नाही जी. कोणीच नाही म्हटलं.”

“मग हे शब्द आले कुठून?”

काय सांगणार? शपथ घेतली होती.

“अर्जाले वजन यावं म्हणून मी टाकले. पान भरत नव्हतं.”

न्यायाधीश बाईंनी हे वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्यायला सांगितलं. माझ्यासमोर! शब्दाशब्दाला थांबून!

निकाल आमच्या बाजूनं लागला. सभांबद्दल कोणाची तक्रारच नव्हती. पंचायतीनं आवाजाला बंधन घालावं, पण शांतपणे बसणाऱ्या लोकांना मैदान कायमचं बंद करता येणार नाही. ठरावाचा तेवढा भाग रद्द. सरपंचाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण खरं सांगा, पंचायतीनं ठराव करण्याआधी बाबारावांना एकदा बोलावून विचारायचं की नाही? लोकांचा हक्क काढून घेताना कोणी अर्जही नीट वाचू नये? याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. फक्त तो मोठ्यानं बोलायची सोय राहिली नाही.

पुढच्या बाजाराआधी बाया पुन्हा मैदानात बसल्या. या वेळी साठसत्तर जणी. शाळेच्या वेळात ट्रक थांबवा, असा अर्ज कलेक्टर साहेबांना तिथूनच द्यायचा ठरला. मी लगबगीनं पुढं झालो. मांडी घातली, कोरा कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं.

सुनंदानं माझ्या हातातून कागदही घेतला आणि पेनही.

“तुमी राहू द्या जी. तुमी लिवसान तं ट्रक चालूच राह्यतीन, अन् शाळा बंद होईन!”