टिटवीची जागा

चैत्रात अवकाळी पाऊस झाला की आई नदीवर वाहून आलेलं सरपण गोळा करायला जाते. परवा मीही गेले. काठावर एकेकट्या चपला, खापरं, कुणीतरी सोडलेली देवाची फुटकी तसबीर. पाण्यापासून हातभर अंतरावर, गोट्यांमध्ये टिटवीची चार अंडी होती आणि पाणी चढत होतं.

मी ती एका खापरावर अलगद उचलली.

“ए बये, ठेव तिथंच! तिची जागा तिला ठाऊक,” आई ओरडली.

“आई, मी प्राणिशास्त्र शिकलेय.”

“मग तिलाही शिकव.”

मी अंडी वर, कोरड्या वाळूत नेऊन ठेवली. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. वर नेलं की जीव वाचतो, हे लहानपणापासून ऐकलंय, आणि माझ्यापुरतं ते खरंही झालंय. आम्ही लांब जाऊन उभ्या राहिलो. टिटवी आली ती थेट जुन्या जागी. अंड्यांकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. रिकाम्या गोट्यांवर पोट टेकून बसली.

अंडी परत ठेवायला मी धावले, तोवर तिथं पाणी पोचलं होतं. ती त्या पाण्यातच बसून होती.