थोरल्याच्या नावची मूठ

लग्न होऊन मी पूर्णेच्या काठच्या त्या गावात आले तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि येलदरीला धरण नव्हतं. पावसाळ्यात नदी चढली की गावाचा जगाशी संबंध तुटायचा. आमची ख्रिस्ती घरं गावकुसाबाहेर, बोटांवर मोजण्याइतकी. माझं माहेर परभणीचं, बापाने शाळेत घातलेलं. प्रार्थना, गीतं सगळं तोंडपाठ, त्यामुळे या खेड्यातल्या लोकांना मीच काय ते शिकवणार असा माझा तोरा होता.

तो तोरा पहिल्याच शनिवारी उतरला. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर मोडून वाटतात त्या विधीला, आमच्याकडे परभणीत पाव असायचा. इथे पाव कुठून आणणार? पाळक तीन-चार महिन्यांतून एकदा बैलगाडीने यायचे. एरवी मंडळीची प्रार्थना मास्तर चालवायचे, पोरांना अक्षरंही तेच शिकवायचे. पाळक येणार असले की आदल्या संध्याकाळी मास्तरांची बायको परात घेऊन दारोदार फिरायची. प्रत्येक घराने ज्वारीचं मूठभर पीठ टाकायचं, त्याची एकच मोठी भाकर थापायची आणि रविवारी पाळक ती मोडून सगळ्यांना देणार. ज्याचं पीठ परातीत, तो प्रभूच्या पंगतीत. असं कोणी शिकवलं नव्हतं, पण सगळे तसंच धरून चालायचे.

त्या शनिवारी माझ्या सासूने, म्हणजे आत्याबाईंनी, दोन मुठी टाकल्या.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"येक आपल्या घरची. येक थोरल्याची."

थोरला म्हणजे माझा मोठा दीर. मी त्याला पाहिलं नव्हतं. घरातल्या सगळ्यांचा बाप्तिस्मा ठरला होता, पण नदीला पूर आला आणि पाळक पलीकडच्या काठावरूनच परत गेले. पाणी उतरायच्या आत पटकीने थोरल्याला नेलं. बाकीच्यांचा बाप्तिस्मा नंतर झाला. तेव्हापासून आत्याबाई त्याच्या नावची मूठ टाकत होत्या. मी मेलेल्या माणसाच्या नावाने पीठ टाकलेलं कधी ऐकलं नव्हतं. मास्तरांच्या बायकोने मात्र परात मुकाट्याने पुढे नेली.

जुने पाळक बदलून गेले होते. त्या रविवारी नवे आले, इंग्रजी मुलखातून, नगरकडचे. विद्वान माणूस, आवाज गोड. मास्तरांच्या अंगणात आम्ही सगळे दाटीवाटीने बसलो. मध्ये पाटावर भाकर, वर पांढरं फडकं. आणि त्या गोड आवाजात त्यांनी सांगितलं की तारण, म्हणजे पापातून सुटका, सगळ्यांसाठी मांडलेलंच नाही. जग घडवायच्या आधीच देवाने आपली माणसं नेमून ठेवली. नेमलेला येणारच, न नेमलेला कितीही रडला तरी बाहेरच.

मी थक्क झाले. इतकी वर्षं मी देवाचं ऐकत आले होते, पण हे असं कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं.

मास्तर उठून उभे राहिले. हा गरीब स्वभावाचा माणूस पाळकाला उलटून बोलेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"पाळकसाहेब, हाक तर सगळ्यायला मारलीय ना?"

"हाक सगळ्यांना. निवड थोड्यांची."

"मंजे सगळ्या गावाला जेवायचं आवतन द्यायचं, अन् पत्रावळी दहाच मांडायच्या? ह्याला आमच्याकडं थट्टा म्हणत्यात."

"ज्याचं अन्न, त्याची मर्जी. एकालाही वाढायला तो बांधलेला नाही," पाळक शांतपणे म्हणाले.

मग आत्याबाई बोलल्या. "माझा थोरला पूर आल्यामुळं बाप्तिस्म्याबिगर ऱ्हायला. त्याचं काय?"

पाळकांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला, पण ते खोटं बोलणारे नव्हते. "बाई, तो नेमलेला असता तर देवाने त्याला बाप्तिस्म्यापर्यंत पोचवलं असतं. पूरही देवानेच आणला."

मला त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आजही वाटते.

"पर मी तर दर बारीला त्याची मूठ टाकते," आत्याबाई म्हणाल्या. "ह्या भाकरीत बी हाय."

पाळकांनी भाकरीकडे नेलेला हात मागे घेतला. "मग ही भाकर मला मोडता येणार नाही. त्याचं पीठ वगळून नवी करा."

आत्याबाईंनी फडकं काढलं, भाकर उचलली आणि त्यांच्यासमोर धरली. "काढा की त्याचं पीठ. कोन्तं त्याचं अन् कोन्तं माझं, दाखवा. अन् त्याचं काढसाल तर माझं बी काढा. लेकराला दाराभाईर ठिवून मला आत जायचं न्हाई."

तारण नको म्हणणारी बाई मी पहिल्यांदा पाहत होते. आत्याबाई भाकर धरून तशाच उभ्या होत्या.

"येकच सांगा," त्या म्हणाल्या. "तुमी सोता नेमल्यालेच हाव, हे तुमाला ठाव हाय?"

"आशा आहे, बाई," पाळक म्हणाले. "खात्री कोण देणार?" त्यांचे डोळे भरून आले होते.

त्या दिवशी भाकर मोडली नाही. पाळक न जेवताच गाडीत बसून गेले. घरी आल्यावर आत्याबाई चुलीपुढे बसून राहिल्या. पुढे कितीतरी दिवस त्या प्रार्थनेलाही आल्या नाहीत. त्यांनी देव सोडला असंच मी धरून चालले.

पुढच्या खेपेला दुसरे पाळक येणार असा निरोप आला. शनिवारी परात दाराशी आली. आता मूठ मलाच टाकावी लागणार म्हणून मी उठले, तर आत्याबाई माझ्या आधी पिठाच्या डब्याकडे गेल्या. एक मूठ टाकली. दुसरी टाकली. मग परत डब्यात हात घातला.

"आत्याबाई, दोन झाल्या."

"ठाव हाय." त्यांनी तिसरी टाकली, आधीच्या दोन्हींपेक्षा भरलेली.

"ही कोणाची?"

"त्या मागच्या पाळकाची," त्या म्हणाल्या. "बिचाऱ्याला सोताचाच भरवसा न्हाई, माय. त्याची बी येक मूठ आपल्याकडून ऱ्हाऊ दे."

मी आत्याबाईंच्या जागी असते तर त्याच्या नावाने चिमूटभरही टाकलं नसतं.