तक्त्यांची टोपणनावं

विमलक्काला एका जागी बसवत नाही. जेवताना एक पाय उंबऱ्याबाहेर. मूळची ठाणाकुशनूरची, आता मैलूरला आमच्या शेजारी. सत्त्याऐंशी साली दूध संघात कॉम्प्युटरवर लागली, पण कच्ची. "पक्की करू, पक्की करू" म्हणत दोन वर्षं गेली. तेवढ्यात गुलबर्ग्याला पक्क्या नोकरीची लेखी परीक्षा निघाली आणि अक्काला रजा हवी झाली.

संघाचे रेवणप्पा साहेब आधी पोट खुर्चीत नीट बसवणार, मग बोलणार. अक्काला तंगी म्हणायचे. त्यांच्या कानडीत धाकटी बहीण.

"तू गेलीस की मशीन मुकं, तंगी. कुठल्या गावची गुरं लसीची राहिली, कोण सांगणार? बंडोपंतांना शिकव. त्यांना एकट्याला जमलं की सही."

मशीनमध्ये तीन तक्ते होते: गुरांचा, लसींचा, गावांचा. काही विचारायचं तर प्रत्येक रकाना कुठल्या तक्त्यातला ते लिहावं लागे, कारण तारीख दोन तक्त्यांत. जनावर विकत घेतल्याचीही, लस दिल्याचीही. तक्त्यांची नावं हातभर लांब, म्हणून अक्कानं त्यांना ए, बी, सी करून टाकलं होतं.

बंडोपंत जुने कारकून, नाकातून बोलणारे.

"विमलबाई, हा बी कोण म्हणायचा?"

"लसी, काका."

"आणि सी?"

"गावं. मघाशी सांगितलं न्हवं का?"

"मघाचं मघाशी गेलं हो. आता ही तारीख कुणाची?"

त्यांनी चुकून बी-ऐवजी ए-ची तारीख बदलली. निंबर्गा गावची टोचून झालेली गुरं पुन्हा राहिलेल्यांच्या यादीत आली.

अक्का खिडकीशी गेली, परत आली, पुन्हा गेली. हे ए, बी, सी दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही तोवर तिला खुर्चीवरून कुणी हलवणार नव्हतं, हे तिला कळत होतं. पण रजाही मिळणार नव्हती. शेवटी ती बसली. ए, बी, सी खोडून तिनं गुरं, लस, गाव असं लिहिलं.

बंडोपंतांनी चष्मा वर केला. "लस-ची तारीख. गाव-चं नाव. अहो, हे तर वाचता येतंय." त्यांनी तारीख बदलली. निंबर्गा पडद्यावरून गेलं.

साहेब मागं उभे होते. "आता हे कुणीबी चालवील की." सही करता करता पेन थांबलं. "मग परतायची घाई करू नको तंगी."

बंडोपंत बटणांकडं बघत राहिले.

"कामून घाई करू?" अक्का म्हणाली. "सही पुरी करा साहेब, बस निघायलीय."

परीक्षा देऊन आली तर तिच्या खुर्चीत बंडोपंत होते. निकाल अजून लागायचाय. पोस्टमनची सायकल वाजली की अक्का रस्त्यावर. काल बंडोपंत आमच्या गल्लीत आले, दारातच उभे राहिले.

"पेंडीचा नवा तक्ता आलाय विमलबाई. काय नाव ठेवू?"

"पेंड ठेवा की काका," ती म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावरून रस्ता बघत राहिली.