आजोबांची लाकडी नळी

अहमदीत त्या काळात असा एकच डॉक्टर होता, की ज्याच्या हातून एकसुद्धा माणूस मेला नाही, आणि तो मी. मी दवाखान्याची फरशी पुसायचो.

फरशी पुसायची, बाटल्या विसळायच्या, डॉक्टरसाहेब जेवायला गेले की माशा आणि माणसं दोन्ही बाहेर ठेवायची. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. अहमदी म्हणजे कुवेतमधलं तेलवाल्यांचं नवंकोरं गाव, ओळीनं घरं, साहेबांच्या दारात झाडंसुद्धा. आम्ही त्या गावाच्या बाहेर, एका ठेकेदाराच्या कॅम्पात, पत्र्याच्या खोल्यांत. आमच्या दारात वाळू, अंथरुणात वाळू, डाळीतही वाळू.

मी दुसरी नापास. साधं अक्षर लागतं मला, जोडाक्षर आलं की वळसा घालून पुढं जातो. इंग्रजी तर मला सगळी जोडाक्षरंच वाटतात. म्हणून दवाखान्यातल्या बाटल्या मी रंगावरनं ओळखायचो. तांबडं खोकल्याचं, पांढरं पोटाचं, जांभळं घशाला लावायचं. एकदा साहेबांनी नव्या बाटल्या मागवल्या, सगळ्या तपकिरी. दोन दिवस मी नुसता फडकं घेऊन हिंडत होतो.

पण घराणं डॉक्टरचं. आजोबा डॉक्टर, वडील कंपाउंडर, मी बाटल्या विसळणारा. पुढच्या पिढीत कुणी बूच झालं असतं तरी मला नवल वाटलं नसतं.

आजोबांना मी पाहिलं नाही. ते गेले ते मागच्या शतकात, माझे वडील मुंजीच्या वयाचे असताना. त्यांच्याबद्दल जे काय कळलं ते वडिलांच्या थोरल्या बहिणीकडनं, आमच्या आत्याकडनं. खाडीकाठचं लहान गाव, तिथं सरकारी दवाखाना, दोन खोल्यांचा. आजोबा मुंबईला शिकून तिथं डॉक्टर म्हणून आले. शिकताना त्यांना मढी फाडावी लागली. ही गोष्ट त्यांच्या आईला कळली आणि म्हातारीनं एकच सांगितलं, माझ्या स्वयंपाकघरात तू पाऊल टाकायचं नाहीस.

मग आजोबांचं सगळं पडवीत. दवाखान्यातनं आले की विहिरीवर अंघोळ, पडवीत पाट, पडवीत ताट. आजी ताट ठेवायची आणि दाराआड उभी राहून बोलायची, पोरांना ताप आहे, गाय आटली, असलं. आत्या तेव्हा सहा-सात वर्षांची. ती उंबरठ्यावर बसून जेवायची. एक पाय आत, एक बाहेर. "वडलांना सोबत म्हणून," म्हणायची. म्हातारी गेली तरी आजोबा आत आले नाहीत. सवयच मोडली होती म्हणे. गावातल्या झाडून सगळ्यांच्या नाड्या धरल्या त्या माणसानं, आणि घरातलं कुणी त्यांना शिवत नव्हतं.

गावाला मात्र त्यांच्या हाताचं वेड. पुडी कंपाउंडरनं बांधली तरी ती आजोबांनी स्वतःच्या हातानं तळहातावर ठेवायला पाहिजे, नाहीतर लोक घ्यायचे नाहीत. डॉक्टरच्या हाताला गुण आहे, म्हणायचे. मग एकदा एका कोळ्याचं पोट फुगलं. माणसं म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही नुसता हात ठेवा, उतरेल." आजोबा म्हणाले, "मला यातलं येत नाही." त्यांनी त्याला मचव्यात घातलं, स्वतः शेजारी बसले आणि जिल्ह्याच्या मोठ्या डॉक्टरकडं निघाले. तो वाटेतच गेला. गाव म्हणालं, हातगुण गेला. त्या पावसाळ्यात दवाखान्यात कुणी फिरकलं नाही. आजोबा दिवसच्या दिवस पडवीत बसून. आत्यानं एकदा विचारलं, "कशाला नेलंत त्याला?" तर म्हणाले, "अगं, मला येत नव्हतं."

आत्या ही गोष्ट सांगायची आणि तिथंच थांबायची. मला लहानपणी वाटायचं, गोष्ट अर्धीच आहे.

आजोबांची एक लाकडी नळी होती, वीतभर लांब, दोन्हीकडं फुलपात्रासारखी पसरट. एक टोक रोग्याला लावायचं, दुसऱ्याला आपला कान. मी ती पोरवयात बासरी समजून फुंकली होती आणि वडिलांचा मार खाल्ला होता. कुवेतला निघालो तेव्हा आत्यानं ती माझ्या ट्रंकेत घातली. म्हणाली, "घराण्यात आता तुझ्याशिवाय कुणी दवाखान्यात चाललेलं नाही." फरशी पुसायला चाललोय हे तिला मी सांगितलं नव्हतं. बंदरावरच्या शिपायानं ती नळी डोळ्याला लावून माझ्याकडं बघितलं, नि परत ट्रंकेत टाकली. त्याला काही दिसलं नसणार.

पहिले काही महिने फार वाईट गेले. कॅम्पात बलुची, इराणी, मलबारी, पंजाबी. मराठी मी एकटा. एक दिवस बादलीला ठेचकाळलो आणि तोंडातनं "आई गं" निघालं, तेव्हा ध्यानात आलं की आठवड्यात मी तेवढंच मराठी बोललो. मग मी मुद्दाम बादलीशी बोलायला लागलो. ती कधी उलट बोलली नाही.

आणि भाई आले. रत्नागिरीकडचे मुसलमान, पन्नाशीचे, मेसचे खानसामे. त्यांची खाट माझ्या खाटेशेजारी पडली. ट्रंक ठेवता ठेवता माझ्याकडं बघून म्हणाले, "खयचो रे तू?" मला रडूच आलं. ते म्हणाले, "अरे मेल्या, गाव विचारलाय, कर्ज नाय मागितला."

त्यानंतर मला बादलीची गरज राहिली नाही. भाई भाताचे टोप उतरवून आले की आम्ही दाराशी बसायचो. मासे कुठले चांगले, खाडीचे की दर्याचे, यावर आम्ही एक वर्ष भांडलो. मासे तिथं दोघांनाही मिळत नव्हते.

एकदा भाईंना ताप आला. साहेबांनी गोळ्या दिल्या. भाईंनी माझ्या ट्रंकेत नळी बघितलेली, आजोबांची गोष्ट ऐकलेली. म्हणाले, "डॉक्टरचा नातू हायस ना? मग तुझ्या हातानं दे." मी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. दोन दिवसांनी ताप उतरला. तो तसाही उतरणारच होता, पण भाईंनी मेसमध्ये बभ्रा केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक मलबारी सुतार आला, हातात साहेबांच्याच गोळ्या. मग दोन पंजाबी. मग टँकरवाला बलुची. महिन्याभरात माझ्या खाटेपुढं दहा-बारा जणांची रांग लागायला लागली. माणसं आपापली औषधं आणायची, मी ती घ्यायची आणि त्यांनाच परत द्यायची. एवढंच काम. कधीकधी नळी लावायचो, डोळे मिटायचो आणि मान हलवायचो. मान हलवणं मला चांगलं जमायचं.

खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं होतं. लोक घरचं सांगायचे. मला त्यांची भाषा निम्मी कळायची नाही. पण कुणीतरी समोर बसून बोलतंय, माझ्याकडं बघून बोलतंय. घामेजलेला तळहात पुढं करतंय.

पुढच्या उन्हाळ्यात भाईंचं पोट दुखायला लागलं. आधी बेंबीपाशी, मग उजवीकडं सरकलं. ओकारी झाली. मी म्हणलं, "साहेबांना दाखवू या."

"नाय. साहेब कापायला धाडील. कापलेल्या माणसाला कोण ठेवतो कामावर? टोप उचलायला नाय आला की चल घरी." मग हळूच म्हणाले, "तू बघ ना. तुझ्या हातानं बरा होतो मी."

मी नळी काढली. लावली. धडधड ऐकली, डोळे मिटले, मान हलवली. "वात आहे," म्हणलं. दवाखान्यातनं आणलेलं पोटाचं औषध म्हणून दोन चमचे दिलं, माझ्या हातानं.

आता इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही. मला कळत होतं. बरोबर काय ते कळत नव्हतं, पण ते वात नव्हतं. दवाखान्याची फरशी पुसता पुसता माणूस किती वाकून चाललाय हे रोज बघत होतो मी. पण भाई म्हणाले ते खरं होतं. कापलं की भाई गेले रत्नागिरीला. मग मी आणि माझी बादली. म्हणून मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तोझ सुटला, तोझ म्हणजे तिकडचं धुळीचं वादळ. दुपारीच दिवे लावायला लागले. भाई खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेले, अंग तव्यासारखं तापलेलं. संध्याकाळी वादळ जरा बसलं आणि माझी रांग नेहमीसारखी लागली. दहा जण गोळ्या घेऊन उभे, आणि शेजारच्या खाटेवर भाई दात आवळून पडलेले. कुणी ओरडलं नाही, पण सगळे एकदा त्यांच्याकडं बघायचे आणि एकदा माझ्याकडं. भाईंनी हात पुढं केला. म्हणाले, "दे रे. अजून दोन चमचे दे."

मी बाटली उचलली. तपकिरी बाटली. पांढरं आत होतं की दुसरंच काही, मला वाचताही येत नव्हतं. आणि मला एकदम आत्या आठवली, तिची ती अर्धी गोष्ट.

मी म्हणलं, "भाई, मला येत नाही."

"काय येत नाय?"

"काहीच येत नाही. काल पण येत नव्हतं."

मग रांगेकडं वळून मी हिंदीत ओरडलो, "मेरे हाथ में कुछ नहीं है! मैं फरशी पोंछता हूँ!"

टँकरवाला बलुची म्हणाला, "वो तो सबको मालूम है. बीमार को उठाओ पहले."

डॉक्टरसाहेब त्या दिवशी कुवेत सिटीत गेलेले, म्हणून अहमदीच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं ठरलं. गाडी एकच होती, पाण्याचा टँकर. चालवायला बलुची, मधे भाई, कडेला मी. टँकर अर्धा भरलेला, त्यामुळं प्रत्येक वळणावर पाणी मागं डुचमळायचं आणि गाडीचा झोक जायचा. भाईंचं डोकं माझ्या मांडीवर. मला शिव्या देत होते. जोपर्यंत देत होते तोपर्यंत मला बरं वाटत होतं. हॉस्पिटलच्या अलीकडं त्यांच्या शिव्या थांबल्या, आणि मी म्हणायला लागलो, "भाई, खाडीचे मासे चांगले. भाई, दर्याच्या माशाला चव नाही." पुष्कळ वेळानं डोळे न उघडता म्हणाले, "येडा हायस."

त्याच रात्री कापलं. तिथला डॉक्टर म्हणाला, आतडं फुटायच्या बेतात होतं, आणखी एक दिवस काढला असता तर खेळ संपला होता. एक दिवस. एक दिवस तर मी मान हलवण्यात घालवला होता.

भाई वाचले. पण हंडे-टोप उचलायची ताकद पुन्हा आली नाही, आणि आपणच म्हणाले, आता घरी जातो. माझी रांगही संपली. मी फरशी पुसतो हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि मी ओरडून सांगणं वेगळं. लोक आपल्या गोळ्या आपणच घ्यायला लागले, आणि बरे व्हायचे ते होतच होते. संध्याकाळी मी खाटेवर बसून दाराकडं बघत राहायचो. भाई गेल्यावर मी तिथं आणखी बारा वर्षं काढली. पत्र्याच्या खोल्या जाऊन पक्क्या भिंती आल्या, साठ साल उलटलं, वाळवंटातनं डांबरी रस्ते गेले. शेजारच्या खाटेवर कितीतरी माणसं आली आणि गेली. गाव कुठलं असं पुन्हा कुणी विचारलं नाही.

भाईंना सोडायला मी धक्क्यावर गेलो होतो. मोठी बोट लांब दर्यात उभी राहायची, लाँचनं तिच्यापर्यंत जायचं. भाईंचं अंग निम्मं झालेलं, ट्रंक मीच उचललेली. मला काय बोलावं सुचत नव्हतं. आणि सुचलं नाही की मी फुशारकी मारतो. म्हणलं, "भाई, गावात सांगा सगळ्यांना. डॉक्टरच्या नातवानं वाचवलं म्हणावं."

भाई लाँचमध्ये बसले, पोटावर हात धरून. लाँचवाल्यानं दोर सोडला. मला वाटलं ते रडतील, निदान मी तरी रडेन.

"सांगतो ना," भाई म्हणाले. "पोट दुखत व्हता माझा, नि डॉक्टरच्या नातवान नळी लावलीन छातीला."